तीन टनांचा संसार

(दृश्य : वजनकाट्यावर हळूहळू चढणारी कॅराव्हॅन, काटेघराची खिडकी, उघडी वही)

हा सार्वजनिक वजनकाटा एरवी धान्याच्या आणि जनावरांच्या मालमोटारींसाठी वापरला जातो. आज त्यावर चार चाकांची एक पांढरी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे घर, आणि तिला ओढणारी डिझेल गाडी उभी आहे. आधी दोन्हींचे एकत्र, मग केवळ कॅराव्हॅनचे आणि शेवटी गाडीच्या मागच्या हुकावर पडणाऱ्या भाराचे असे वेगवेगळे वजन घेतले जाईल, आणि वही घेऊन उभ्या असलेल्या बाई प्रत्येक आकडा स्वतः पाहून मगच तो लिहून घेतील. त्या निवृत्त ग्रंथपाल आहेत. त्यांचे पती शहर बससेवेच्या आगारात मेकॅनिक होते. दोघांचीही साठी केव्हाच उलटून गेली आहे. व्हिक्टोरिया राज्यातील आपले घर भाड्याने देऊन ते दरवर्षी थंडीचे महिने ऑस्ट्रेलियाच्या उष्णकटिबंधीय उत्तरेत घालवतात. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. दक्षिणेत बोचरे वारे सुटलेले असतात, तेव्हा उत्तरेत आकाश निरभ्र असते, नद्या ओसरलेल्या असतात आणि पावसाळ्यात बंद असलेले रस्ते उघडलेले असतात. याच काळात हजारो निवृत्त जोडपी अशीच घरे ओढत उत्तरेकडे निघतात. तिकडे त्यांना ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, म्हणतात.

या कॅराव्हॅनवर निर्मात्याने ३००० किलोंची कमाल मर्यादा छापलेली आहे. रिकामी असताना ती २३०० किलोंच्या आसपास भरते, म्हणजे पाणी, गॅसच्या टाक्या, अंथरुणे, भांडी, औषधे, हत्यारे आणि पुस्तके या सर्वांसाठी मिळून ७०० किलो उरतात. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १८० किलो तिथेच संपतात. आकडा मर्यादेत बसला म्हणजे काम झाले असेही नाही. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर यावा लागतो. तो कमी पडला, तर वेग वाढताच कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोले खाऊ लागते आणि पुढची गाडीही आपल्याबरोबर फरपटत नेते. तो जास्त झाला, तर गाडीची पुढची चाके हलकी पडून सुकाणूची पकड जाते. म्हणून जड वस्तू खाली आणि मधल्या आसाजवळ, हलक्या वस्तू वर, आणि अगदी मागच्या टोकाला शक्यतो काहीच नाही, अशी मांडणी करावी लागते. बाईंच्या वहीत लोखंडी तव्यापासून कपड्यांच्या चिमट्यांपर्यंत प्रत्येक वस्तूसमोर तिचे वजन लिहिलेले आहे. ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या या बाईंनी कॅराव्हॅनमध्ये पुस्तकांसाठी राखलेली जागा मात्र केवळ सहा किलोंची आहे. पतींच्या हत्यारांच्या पेटीबाबत इतकी काटेकोर वाटाघाट झाल्याचे वहीवरून दिसत नाही.

(दृश्य : कॅराव्हॅन पार्क, बाई चालकाच्या जागेवर, मागे उभे राहून हाताने खुणा करणारे पती)

आता जे दिसते आहे, ते कोणतीही काटछाट न करता दाखवत आहोत. ओढलेली गाडी मागे घेणे हे साध्या गाडीपेक्षा वेगळे गणित असते. पुढच्या गाडीचे मागचे टोक उजवीकडे गेले की कॅराव्हॅनचे मागचे टोक डावीकडे वळते. म्हणजे हाताला लागलेली सवय इथे उलटीच ठरते. त्यावरचा जुना उपाय असा की, हात सुकाणूच्या वरच्या बाजूला न ठेवता खालच्या बाजूला धरावा; मग ज्या दिशेला हात सरकतो, त्याच दिशेला कॅराव्हॅनची शेपटी जाते. वळवायचे थोडे, थांबायचे पुष्कळ, आणि कॅराव्हॅन गाडीशी काटकोनाकडे झुकू लागली की हट्ट न करता पुढे जाऊन पुन्हा सरळ व्हायचे. मागे उभ्या असलेल्या माणसाने आरशात दिसत राहिले पाहिजे. तो आरशातून नाहीसा झाला, तर चालकाने तत्काळ थांबायचे, असा या दोघांचा नियम आहे. शेजारच्या जागांवरचे लोक खुर्च्या वळवून हा खेळ पाहतात. चालकाच्या जागी बाई आणि खुणा करणारे पुरुष असे चित्र अशा पार्कांमध्ये आजही कमीच दिसते. बहुतेक जोडप्यांत हजारो किलोमीटर पुरुषच गाडी चालवतो आणि बायको नकाशा सांभाळते. मग एखाद्या दिवशी तो आजारी पडतो, आणि सर्वांत जवळचे रुग्णालय तीनशे किलोमीटरवर असताना तीन टनांचे घर आणि ते ओढता न येणारी व्यक्ती अशी दोघेही रस्त्याकडेला अडकतात. या जोडप्यातील पतींच्या हृदयावर काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बाईंनी कॅराव्हॅन चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले, आणि आता दर दोन तासांनी चालक बदलतो.

(दृश्य : आकाशातून दिसणारा सरळ महामार्ग, समोरून येणारी रोड ट्रेन)

नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशातील टेनंट क्रीक गावाच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर थ्री वेज नावाचा तिठा आहे. पूर्वेकडून क्वीन्सलँडहून येणारा बार्कली महामार्ग इथे स्टुअर्ट महामार्गाला मिळतो. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी दोन प्रयत्न फसल्यानंतर १८६२ मध्ये याच पट्ट्यातून उत्तर किनाऱ्यापर्यंत पोहोचला. त्याने शोधलेल्या वाटेच्या आधाराने तारायंत्राची सुमारे ३२०० किलोमीटर लांबीची तार टाकली गेली आणि १८७२ मध्ये ऑस्ट्रेलिया उर्वरित जगाशी जोडला गेला. तारेसोबत पाण्याची ठिकाणे शोधली गेली, पाण्याजवळ तारघरे आली, तारघरांजवळ वस्त्या झाल्या. आज कॅराव्हॅन जिथे डिझेलसाठी थांबतात, त्यांतली अनेक ठिकाणे मूळची याच साखळीतली आहेत. इथून उत्तरेला कॅथरीन हे गाव साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

समोरून येणारी ही लांबलचक मालमोटार म्हणजे रोड ट्रेन. एका इंजिनामागे तीन, कधी चार डबे, आणि एकूण लांबी ५३.५ मीटरपर्यंत. ती शेजारून जाते, तेव्हा तिने ढकललेल्या हवेचा धक्का कॅराव्हॅनला बसतो आणि पाठोपाठ ती आत ओढली जाते. अशा वेळी सुकाणू घट्ट पण शांतपणे धरायचे आणि घाईने ब्रेक लावायचा नाही. मागून येणाऱ्या रोड ट्रेनला पुढे जायचे असेल, तर तिचा चालक बिनतारी संचाच्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर तसे सांगतो, आणि बाई त्याला रस्ता मोकळा असल्याचे कळवून वेग थोडा कमी करतात. रस्त्याच्या कडेला दिसणारी वारुळे आधी गुडघ्याएवढी आणि मग माणसाएवढी होत जातात. त्यांतल्या काहींना प्रवाशांनी जुने सदरे आणि टोप्या घातल्या आहेत. हा विनोद प्रत्येकाला आवडेल असे नाही, पण एकसुरी रस्त्यावर लहान मुलांना मोजायला काहीतरी मिळते, हे खरे.

वाटेवरच्या डेली वॉटर्स गावातले मद्यगृह १९३० च्या दशकातले आहे, आणि त्याच दशकात इथल्या धावपट्टीवर सिंगापूरच्या मार्गावरची विमाने इंधन भरण्यासाठी उतरत असत. छताला लटकवलेल्या अंतर्वस्त्रांची आणि परकीय नोटांची दृश्ये आपण पाहतच आहात. त्यापुढच्या माटारांकाचे पाणी मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ताडाच्या दाट झाडीतून वाहणाऱ्या या झऱ्याचे तापमान वर्षभर ३४ अंशांच्या आसपास राहते. इथे ज्वालामुखी नाही. चुनखडीच्या खडकांत खोलवर साठलेले पाणी जमिनीची ऊब घेऊन वर येते. सकाळी सात वाजता गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली ही मंडळी जवळजवळ सगळी सत्तरीच्या घरातली आहेत, आणि त्यांच्यात चाललेली चर्चा गुडघ्यांची आणि टायरमधील हवेच्या दाबाची आहे.

(दृश्य : निटमिलुकच्या घळीतून जाणारी होडी, वाळूवर ठेवलेला मगरींचा सापळा)

या प्रदेशाचे वर्ष पावसावर बेतलेले आहे. डार्विनला वर्षाकाठी सुमारे १७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कोसळतो. उरलेले महिने कोरडे जातात. कोकणातल्या माणसाला हे चक्र ओळखीचे वाटेल, फक्त महिने उलटे. कॅथरीन नदीवरच्या पुलाजवळ उभे राहिले, तर आता तळाशी वाहणारी नदी आणि १९९८ च्या जानेवारीत तिने बुडवलेले गाव यांची सांगड घालणे कठीण जाते. गावापासून काही अंतरावर हीच नदी वालुकाश्म कापत उंच घळींच्या मालिकेतून वाहते. हे निटमिलुक राष्ट्रीय उद्यान. ही जमीन १९८९ मध्ये तिच्या मूळ मालकांना, म्हणजे जावोयन लोकांना परत मिळाली, आणि उद्यानाचा कारभार तेव्हापासून त्यांच्या सहभागाने चालतो. पुराच्या पाण्याबरोबर खाऱ्या पाण्यातील मगरी खूप आतपर्यंत येतात. म्हणून पाऊस संपला की वनरक्षक सापळे लावतात, रात्री विजेऱ्या घेऊन पाहणी करतात आणि मोठ्या मगरी हलवल्याची खात्री झाल्यावरच पोहण्यास परवानगी देतात. गोड्या पाण्यातील लहान, निमुळत्या तोंडाची मगर मात्र इथलीच रहिवासी आहे आणि सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.

खाऱ्या पाण्यातील मगरीची कातड्यासाठी इतकी शिकार झाली की नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये तिला संरक्षण द्यावे लागले. त्या वेळी काही हजारच उरलेल्या या मगरींची संख्या आता एक लाखाच्या घरात गेली आहे. काकाडू उद्यानातील काहिल्स क्रॉसिंगवर याचा अर्थ कळतो. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरचा हा गाड्या पलीकडे नेण्यासाठीचा काँक्रीटचा फरसबंद उतार भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. भरतीबरोबर मासे वर येतात आणि माशांसाठी मगरी प्रवाहाकडे तोंडे करून रांगेत थांबतात. पाणी वाढत असतानाही गाडी घालणारे लोक आहेत, आणि वाहून गेलेल्या गाड्यांच्या कथाही पुष्कळ आहेत. पलीकडचा आर्नहेम लँड हा मूळनिवासींचा प्रदेश असल्याने तिथे जायला परवाना लागतो. आपल्या जोडप्याने तो घेतलेला नाही. ते काठावरच्या मचाणावरून दुर्बिणीने पाहत आहेत, आणि या ठिकाणी तेच शहाणपणाचे आहे.

काकाडूचे क्षेत्र जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर आहे. इथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. आपण चित्रीकरण केले तो वुर्गेंग हा थंड हवेचा ऋतू. त्याआधीच्या येग्गे ऋतूत पाणथळ जागा कमळांनी भरलेल्या असतात आणि वूलीबट नावाची निलगिरी फुलली की गवताला छोट्या, आटोक्यातल्या आगी लावण्याची वेळ झाली असे मानले जाते. ओलसर गवत तुकड्यातुकड्याने आधीच जाळून टाकले, तर पुढच्या उष्ण महिन्यांत वणवा दूरवर पसरू शकत नाही. उद्यानाचे कर्मचारीही याच ज्ञानाच्या आधारे काम करतात. कॅराव्हॅनच्या खिडकीतून दिसणारा हा धूर पाहून पहिल्या वर्षी बाई घाबरल्या होत्या. आता त्या वहीत फक्त तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहितात. यलो वॉटरच्या पाण्यात सकाळच्या होडीतून दिसणारा हा काळ्या मानेचा करकोचा भारतातही आढळतो. उबिरच्या खडकांवर मासे, कासवे आणि कांगारूंच्या चित्रांबरोबर टास्मानियन टायगर या पट्टेदार, पोटाला पिशवी असलेल्या शिकारी प्राण्याचेही एक चित्र आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून नाहीसा होऊन दोन हजारांहून अधिक वर्षे झाली. जबिरू हे गाव युरेनियमच्या खाणीसाठी वसवले गेले. खाणीतील प्रक्रिया २०२१ च्या आरंभी थांबली आणि त्याच वर्षी गावाची जमीन मूळनिवासी मिरार लोकांच्या नावे झाली.

(दृश्य : तारेच्या कुंपणापलीकडे उभी असलेली वशिंडाची गुरे)

डार्विनला औषधे आणि टायर घेऊन आपले जोडपे पुन्हा कॅथरीनला आले आहे आणि आता पश्चिमेकडे व्हिक्टोरिया महामार्गाने निघाले आहे. मराठी प्रेक्षकाला ही गुरे ओळखीची वाटली, तर त्याला कारण आहे. उष्ण हवामानात आणि गोचिडांपुढे युरोपीय गुरे टिकत नव्हती, म्हणून १९३३ मध्ये अमेरिकेतून ब्राह्मण जातीची गुरे क्वीन्सलँडमध्ये आणली गेली. अमेरिकेत ही जात भारतीय गुरांच्या संकरातून तयार झाली होती. त्यात गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाखोऱ्याच्या गुरांचाही अंश आहे. या विशाल पशुपालन केंद्रांवर मूळनिवासी गुराखी अनेक पिढ्या अत्यल्प मोबदल्यात राबले. महामार्गाच्या दक्षिणेला असलेल्या वेव्ह हिल येथील गुरिंजी लोकांनी १९६६ मध्ये विन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम सोडले, आणि ते नुसत्या पगारवाढीवर परतले नाहीत. त्यांनी जमीन मागितली. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात मूठभर माती ओतून जमिनीचा पट्टा दिला.

टिंबर क्रीकपासून थोडे पुढे नदीकाठी हा बोआब वृक्ष उभा आहे. महाराष्ट्रात काही जुन्या बंदरांच्या परिसरात दिसणाऱ्या गोरखचिंचेचे हे ऑस्ट्रेलियातील भावंड. ऑगस्टस ग्रेगरी या शोधप्रवाशाच्या तुकडीने छावणी हलवताना त्याच्या बुंध्यावर २ जुलै १८५६ ही तारीख कोरली, आणि ती आजही वाचता येते. या झाडाच्या शास्त्रीय नावातही ग्रेगरी आहे. टिंबर क्रीकच्या मूळनिवासींना त्यांच्या जमीनहक्काच्या हानीबद्दल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ लाख डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली.

(दृश्य : कॅराव्हॅनच्या ओट्यावर चिरलेल्या भाज्या, वाफाळणारे भांडे)

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर तपासणी नाका आहे. ताजी फळे, भाज्या, मध, बिया आणि रोपे यांपैकी काहीही पलीकडे नेता येत नाही, कारण फळमाशीसारख्या किडींना त्या राज्याने अजून दूर ठेवायचे आहे. त्यामुळे सीमेआधीच्या मुक्कामात प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये एकच उद्योग चालतो. बाईंनी उरलेले कांदे, गाजरे, भोपळा आणि पालक एकत्र शिजवून डबे भरले आहेत, कारण शिजवलेले अन्न नेता येते. संत्री शेजाऱ्यांना दिली गेली, शेजाऱ्यांनी त्यांचे सफरचंद इकडे दिले, आणि अखेर दोघांनीही दोन्ही खाऊन टाकले. मधाची अर्धी बाटली मात्र नाक्यावरच्या पिंपात गेली. सीमा ओलांडताच घड्याळ दीड तास मागे येते, आणि पुढचे काही दिवस पहाटे साडेचारलाच जाग येते.

ऑर्ड नदीवर १९७० च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या धरणामागे लेक अर्गाइल हा सुमारे १००० चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला आहे. मातीदगडाच्या या धरणाने कुनुनुर्रा गावाच्या शेतीला पाणी दिले. मूळनिवासी मिरिवुंग लोकांची जमीन त्याखाली गेली आणि त्याबाबतचा करार व्हायला २००५ साल उजाडले.

बंगल बंगलच्या मधमाशांच्या पोळ्यांसारख्या पट्टेदार टेकड्या १९८३ मध्ये हवाई चित्रीकरणातून सर्वदूर पोहोचल्या. त्यांतले नारिंगी पट्टे लोहाच्या गंजाचे आणि काळे पट्टे सूक्ष्म जीवांच्या पातळ थराचे आहेत. तिथे जाणारा ५३ किलोमीटरचा कच्चा रस्ता ओढे आणि खळगे ओलांडत जातो आणि दुहेरी आसाच्या कॅराव्हॅनला त्यावर बंदी आहे. म्हणून आपल्या जोडप्याने घर महामार्गावरच सोडले आणि दोन रात्रींसाठी तंबू घेतला. जमिनीवर झोपून उठताना कोणाला किती वेळ लागला, ते दृश्य त्यांच्या विनंतीवरून वगळले आहे.

या सर्व प्रवासाला डिझेल लागते, १०० किलोमीटरला पंधरा ते वीस लिटर, आणि छोट्या गावांतील दवाखान्यांवर हिवाळ्यात या पाहुण्यांचा भार पडतो.

(दृश्य : फिट्झरॉय क्रॉसिंगचा नवा पूल; ब्रूमच्या किनाऱ्यावरील ओहोटी)

फिट्झरॉय क्रॉसिंगचा जुना पूल जानेवारी २०२३ च्या महापुरात मोडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा नवा पूल उघडला गेला. मधल्या काळात उत्तरेचा हा एकमेव डांबरी रस्ता तुटलेला होता. ब्रूमला समुद्राची भरती-ओहोटी नऊ-दहा मीटरपर्यंत जाते. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी इथे आलेल्या जपानी पाणबुड्यांपैकी आणि त्यांच्या बांधवांपैकी ९०० हून अधिक जण गावाच्या दफनभूमीत आहेत. चित्रीकरणासाठी आम्ही तिथे गेलो, तेव्हा दोघेही बराच वेळ नावे वाचत होते.

पतींनी ब्रूममध्ये चारही चाकांचे बेअरिंग उघडून साफ केले, नवे ग्रीस भरले आणि घट्ट केलेला प्रत्येक नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासण्यासाठी त्यावर रंगाची खूण केली. ऑक्टोबरात उकाडा आणि दमटपणा वाढू लागण्याआधी त्यांना दक्षिणेकडे निघायचे आहे. पर्थपर्यंतचे सुमारे २२०० किलोमीटर त्यांनी आधीच वाटून घेतले आहेत. पोर्ट हेडलंडच्या आसपास लोहखनिज नेणाऱ्या रोड ट्रेनची गर्दी असते. तो पट्टा बाई चालवतील, आणि असे का, हे विचारल्यावर पतींनी स्वतःच सांगितले की बिनतारी संचावरच्या चालकांशी त्यांचे जास्त जमते.